बाग नव्याने करायची म्हणतात? आधी वही काढा

आमच्या बागेच्या फाटकावर २०२३ च्या दिवाळीत एक फ्लेक्स लागला. 'उद्यानाचे सुशोभीकरण लवकरच.' खाली हात जोडलेले चार चेहरे. महापालिकेत तेव्हा प्रशासक होते, नगरसेवक कुणीच नव्हतं. त्यामुळे दोन चेहऱ्यांखाली 'माजी' आणि दोघांखाली 'भावी'. त्या रात्री आमच्या तीन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दीडएकशे मेसेज पडले. सकाळी उठून बघते तर दोन तट तयार. एक 'पेव्हर ब्लॉक झालेच पाहिजेत'वाला, दुसरा 'एक फांदी तोडू देणार नाही'वाला. बागेत नेमकं काय होणार आहे, हे दोन्हीकडे एकालाही ठाऊक नव्हतं.

शहराचं नाव लिहीत नाही. बागेचे माळीमामा अजून तिथेच नोकरीला आहेत आणि त्यांनी मला बरंच काही सांगितलंय. बाग साधारण ३० गुंठ्यांची. मधोमध बुचाचं जुनं झाड, कडेने करंज आणि सोनमोहर, एक तुटकी घसरगुंडी, खडीची पायवाट, आणि नळ नावाची एक वस्तू जिला पाणी येत नाही. मी सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅशियर होते. मोजल्याशिवाय सही करायची नाही, ही एकच सवय तिथून घेऊन निवृत्त झाले, आणि नेमकी तीच मी या प्रकरणात सुरुवातीला मोडली. ते आधी सांगते, मग कामाचं.

सह्यांचा कागद शेवटी

मी फांदीवाल्या तटात होते. आठ दिवसांत घरोघर फिरून २१२ सह्या घेतल्या. मजकूर एकच ओळ: 'बागेत नवीन पक्की पायवाट नको.' पुढची सही घ्यायला समोरच्या इमारतीत तळमजल्यावरच्या काकूंकडे गेले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्या वॉकर घेऊन चालतात. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाल्या, "अगं, दोन वर्षं मी बागेत आले नाही ती त्या खडीमुळेच. वॉकरचे पाय रुततात. आणि तू माझ्याकडेच ही सही मागायला आलीस?"

त्यांनी चहा केला. मी तो प्यायले आणि कागद घेऊन परत आले. तो कागद अजून कपाटात आहे, कुठेही दिला नाही.

म्हणून पहिली सूचना ही: फ्लेक्स लागला की सह्या घेत सुटू नका. एकदा सही केली की माणूस त्या बाजूचा होतो. मग त्याला नवं काही कळलं तरी मत बदलायला लाज वाटते. सह्या लागतातच, पण त्या तुमच्या मागणीचा पक्का मसुदा झाल्यावर. तोवर ग्रुपवर फक्त एवढं लिहा: 'काम काय आहे ते काढतोय, पंधरा दिवस द्या.' मी लिहिलं तेव्हा त्यावर 'काढून काय होणार' असे सात मेसेज आले. येऊ द्या.

वही

शंभर पानी वही घ्या, आडव्या रेघांची. बागेत दिवसभरात कोण येतं ते मोजायचं. माझी पद्धत अशी होती: दोन साधे वार, एक शनिवार, एक रविवार. दर तासाला एकदा पूर्ण फेरी, आणि त्या क्षणी बागेत असलेल्या प्रत्येक माणसाची एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी, बंडलं मोजायची तशी. बाजूला वय अंदाजे, बाई की पुरुष, आणि काय करतंय: चालतंय, बसलंय, खेळतंय, झोपलंय. नावं लिहायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. फोन वर केला की माणसं उठून जातात, आणि ज्यांना उठून जावं लागतं त्यांचीच नोंद सगळ्यात मोलाची असते.

एकटीने होत नाही. मी चौघांना वाटून दिलं. त्यातले दोघे पेव्हरवाल्या तटातले मुद्दाम घेतले, कारण आकडे आमच्याच गोटातून आले असते तर कुणी मानले नसते. त्यातले एक आमच्या हास्यक्लबचे अण्णा. तेराशे पावलांची फेरी, सकाळी सहाला, वीस वर्षं. त्यांना वाटायचं बाग म्हणजे सकाळ.

वहीत काय निघालं ते सांगते. तुमच्याकडे वेगळं निघेल, पण निघेल नक्की.

सकाळी साडेपाच ते आठ चालणारे, बहुतेक पन्नाशीपुढचे. सभेला येतात ते हेच, ग्रुपवर लिहितात तेही हेच. नऊला बाग रिकामी. साडेबारापासून पुन्हा माणसं येतात आणि ती आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. आमच्याच घरांतून भांडी, पोळ्या करणाऱ्या बाया एका घरचं काम संपवून दुसऱ्या घरी जायच्या मधल्या वेळात बुचाखाली बसून डबा खातात. इमारतींचे वॉचमन तासभर आडवे होतात. डिलिव्हरीची मुलं गाडी बाहेर लावून फोन चार्ज करायला जागा शोधतात. दुपारी दोनच्या फेरीत एका बुधवारी मला १९ माणसं मिळाली, त्याच दिवशी सकाळी सातच्या फेरीत २६ होती. म्हणजे फार फरक नाही. पण दुपारच्या १९ पैकी एकालाही त्या सुशोभीकरणाबद्दल कुणी विचारलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, "काय पण करा ताई, पण दुपारचं कुलूप लावू नका."

संध्याकाळी मुलं. साडेसात-आठनंतर फाटकाजवळच्या दिव्याखाली तीन-चार कॉलेजची पोरं पुस्तकं घेऊन, घरी जागा नाही म्हणून.

आणि एक रकाना चारही दिवस कोरा राहिला. बारा-तेरा ते अठरा वयाच्या मुली. चार दिवसांत फक्त दोन, त्याही आईबरोबर चालत. मुलांचं क्रिकेट सगळी मोकळी जागा खातं आणि बाकं अशी लावलेली की बसलेला माणूस सगळ्यांच्या नजरेसमोर. माझ्या नातीला विचारलं तर ती म्हणाली, "आजी, तिथे बसून करायचं काय?" हा प्रश्न मी वहीत शब्दशः उतरवून ठेवला.

बाग स्वतः मोजा

माणसं मोजून झाली की जमीन. साधी तीस मीटरची टेप आणि दोन मुलं पुरतात. मुलांना हे काम फार आवडतं. फाटकाची रुंदी, पायवाटेची रुंदी, बाकांची संख्या, किती बाकं दुपारी सावलीत आणि किती उन्हात. झाडांना कागदावर आकडे द्या आणि छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर लिहा. झाडावर खिळा ठोकून पाट्या लावू नका. आकडा नकाशावर असला की पुरे.

फाटकात आडवा-तिडवा लोखंडी दांडा असतो ना, गुरं आणि स्कूटर येऊ नये म्हणून? त्यातून चाकाची खुर्ची जाते का ते मोजा. नव्वद सेंटीमीटर मोकळी वाट लागते. आमच्याकडे पन्नास होती. चढ असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार धरतात. ठेकेदार जागा वाचवायला तो चार फुटांत बसवतो आणि मग ती घसरगुंडी होते, खऱ्या घसरगुंडीपेक्षा बरी.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बागेत जा. हे सोडू नका. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठे जिरतं, हे त्या अर्ध्या तासात दिसतं आणि पुढे कुठल्याही नकाशात दिसत नाही. मी गेले तेव्हा सगळं पाणी बुचाच्या आळ्यात जाऊन शांतपणे जिरत होतं. नव्या आराखड्यात नेमका तिथेच फरशीचा गोल चौथरा होता.

फाइल

आता कागद. बागेचं काम कुठवर आलंय त्यावर तुम्ही काय करू शकता ते ठरतं. म्हणून आधी टप्पा शोधा: नुसती कल्पना आहे, अंदाजपत्रक झालंय, मान्यता मिळालीय, निविदा निघालीय, की कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी हुकूम) दिलाय. अंदाजपत्रकापर्यंत बाब बदलणं सोपं. निविदेनंतर अवघड. कार्यादेशानंतर प्रत्येक बदलाला 'आता काही होणार नाही मॅडम' ऐकायचं. तरीही एखादी बाब वगळणं तेव्हासुद्धा शक्य असतं, एवढं लक्षात ठेवा. आणि जानेवारी उजाडण्याआधी पोहोचा. निधी मार्चअखेर संपवायचा असतो, त्यामुळे फेब्रुवारीत बागांमधून रातोरात ब्लॉक उगवतात.

माहिती अधिकाराचा अर्ज साधा आहे. कोर्ट फी स्टँप १० रुपयांचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो. लोक तीन पानं पोटतिडकीने लिहितात आणि अर्ज तिथेच अडकतो. मागायचं ते नाव घेऊन मागा: या उद्यानाच्या कामाचं अंदाजपत्रक बाबनिहाय, नकाशा, प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेची प्रत, कार्यादेश दिला असल्यास तो, आणि देखभाल-दुरुस्तीची जबाबदारी कुणाची व किती काळ. 'का' असा प्रश्न अर्जात नको, त्याला उत्तर येत नाही. कागद मागितला की कागद येतो. मुदत ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये.

त्याहून लवकर होणारी गोष्ट म्हणजे फाइल जाऊन बघणं. पुण्यात २००९ साली दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं पाहू द्यायची पद्धत सुरू झाली आणि २०१८ च्या शासन परिपत्रकाने ती राज्यभरच्या कार्यालयांसाठी सांगितली. जाण्याआधी फोन करा. 'आमच्याकडे तसं काही नसतं' असं म्हणाले तर भांडू नका, त्याच दहा रुपयांच्या अर्जात 'प्रत्यक्ष निरीक्षण' मागा. तो हक्क कायद्यातच आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर म्हणतं की लोकांवर परिणाम होणारा निर्णय घेताना त्याची माहिती कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची. हे वाक्य मी छापून पर्समध्ये ठेवलं होतं. काढायची वेळ एकदाच आली.

आम्हाला फाइल बघायला मिळाली तेव्हा अण्णा बरोबर होते. अंदाजपत्रकात पेव्हर ब्लॉक, चौथरा, ओपन जिमची आठ यंत्रं, कारंजं, सेल्फी पॉइंट, हायमास्ट म्हणजे खूप उंच खांबावरचा मोठा दिवा. स्वच्छतागृह नाही. नळ नाही. आणि बाब क्रमांक चौदा: 'अस्तित्वातील तलावाच्या काठाची दुरुस्ती.' आमच्या बागेत तलाव नाही. कधीच नव्हता. कुठल्यातरी दुसऱ्या बागेचं अंदाजपत्रक नाव बदलून आमच्याकडे आलं होतं. अण्णांनी तो आकडा दोनदा वाचला, आणि पेव्हरवाला तट त्या दिवशी त्या टेबलावरच फुटला. आमच्या वहीने वा भाषणांनी जे झालं नसतं ते त्या तलावाने केलं.

सभा बागेतच घ्या

सोसायटीच्या हॉलमध्ये सभा घेतली की येतात तेच बारा जण. बागेत घ्या, आणि दोनदा घ्या: एकदा संध्याकाळी सहाला, एकदा दुपारी एक वाजता. दुपारच्या सभेला मी दोन किलो पोह्यांचा चिवडा नेला होता. माइक लावू नका. माइक हातात आला की माणूस भाषण करतो.

संध्याकाळच्या सभेला ७० जण आले. 'पेव्हर हवेत का, हात वर करा' असं विचारलं असतं तर दहा मिनिटांत मारामारी झाली असती. त्याऐवजी आम्ही चिंचोके वापरले. आठ डबे ओळीने मांडले. प्रत्येकावर कागद: पक्की वाट, दिवे, खेळणी, व्यायामाची यंत्रं, सावली व बाकं, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, आणि शेवटचा 'आहे तशी राहू द्या, फक्त दुरुस्ती करा'. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पाच चिंचोके. पाचही एकात टाका किंवा वाटून टाका. मुलांनाही पाच. दुपारच्या सभेला तेच डबे, तेच पाच. सगळ्यांसमोर मोजले, मोजायला मीच बसले, आणि अण्णा माझ्यावर नजर ठेवायला.

सगळ्यात जास्त चिंचोके स्वच्छतागृहाच्या डब्यात. ग्रुपवरच्या त्या दीडशे मेसेजांत हा शब्द एकदाही आला नव्हता. दुसरं पाणी, तिसरी सावली. यंत्रांना मुलांनी बरंच मत दिलं, कारण ती त्यांना झोके वाटतात. कारंज्याचा डबाच आम्ही ठेवला नव्हता, ती आमची लबाडी म्हणा. एका काकांनी ती पकडली आणि त्यांचं बरोबरच होतं. दुपारच्या सभेआधी नववा डबा ठेवला. त्यात चार चिंचोके पडले.

डब्यांनी काय हवं ते कळतं, कुठे आणि केवढं ते कळत नाही. त्यासाठी फक्की. क्रिकेटच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पूड. अंदाजपत्रकातली पायवाट अडीच मीटर रुंद होती. ती आम्ही नकाशाबरहुकूम फक्कीने जमिनीवर आखली. चौथऱ्याचा गोलही आखला. कागदावर अडीच मीटर म्हणजे काहीच वाटत नाही. जमिनीवर आखल्यावर दिसलं की क्रिकेटची निम्मी जागा जाते आणि दोन करंज रेघेच्या आत येतात. क्रिकेटवाली मुलं तोवर पेव्हरच्या बाजूची होती, चेंडू चांगला उसळेल म्हणून. मग वॉकरवाल्या काकूंना हाताला धरून आणलं. त्या दोन रेघांच्या मधून चालल्या, समोरून आणखी एकाला यायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "दीड मीटर पुरे. एवढा हायवे कशाला?" मुलांनी पायाने जुन्या रेघा पुसल्या आणि दीड मीटरवर नव्या मारल्या. एका झाडाशी वाट वळवली. त्या अर्ध्या तासात दोन तटांचं भांडण बऱ्यापैकी मिटलं, कारण आता 'पेव्हर की झाडं' हा प्रश्नच राहिला नव्हता, दीड मीटरची वाट कुठून न्यायची एवढाच राहिला होता.

फक्कीची पिशवी स्वस्त असते. पाऊस नसलेला दिवस बघा.

वाट कशाची करायची यावरही घाईने बोलू नका. नुसती माती टाकली की 'नैसर्गिक' झालं असं नसतं. दादरच्या शिवाजी पार्कात तांबड्या मातीची धूळ आजूबाजूच्या घरांत जाते म्हणून रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करताहेत. खडीत वॉकर रुततो. ब्लॉक नीट बसवले तर मधून पाणी जिरतं, पण खाली काँक्रीटचा थर ओतला तर जिरत नाही; म्हणून ब्लॉकखाली काय आहे ते अंदाजपत्रकात वाचा. मुलांच्या जागेखालचा रबरी थर एप्रिलच्या दुपारी तव्यासारखा तापतो. आणि पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून लावू नका. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, पण सांगावं लागतं.

भांडण होईल तेव्हा

होणारच. दोन प्रकार ओळखून ठेवा. एक म्हणजे 'बागेत जोडपी बसतात' हा. हा विषय निघाला की बाकं काढा, झुडपं कापा, दुपारी कुलूप लावा इथपर्यंत दहा मिनिटांत पोहोचता येतं, आणि कुलपाने जोडपी जात नाहीत, डबा खाणाऱ्या बाया जातात. मी वही उघडून दुपारचे आकडे वाचून दाखवले. सगळ्यांना पटलं असं नाही. दुसरा प्रकार 'आमच्या सोसायटीने मेंटेनन्स भरायचा आणि बाहेरच्यांनी वापरायचं'. बाग महापालिकेची आहे, तिचा माळी आपल्या सगळ्यांच्या करातून पगार घेतो, आणि 'बाहेरच्या' बायका आपल्याच स्वयंपाकघरातून निघालेल्या असतात. हे मी जरा आवाज चढवून बोलले. तसं बोलायला नको होतं, पण बोलले.

ग्रुपवर उत्तर देऊ नका. ग्रुपवर फक्त वेळ आणि ठिकाण टाका.

झाडांचं

एखादं झाड जाणारच असेल तर महाराष्ट्रातला झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा तुमच्या हाताशी आहे. झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. मुदत फार थोडी, आठवडाभराच्या आसपास, म्हणून कुणीतरी रोज झाडांवर नजर टाकत राहायला हवं. हे काम चालणाऱ्यांना द्या, ते तसेही रोज जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं वा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची अट आहे. म्हणून झाडाचं वय कागदावर किती दाखवलंय ते बघा. आमच्या बुचाचं वय कुणी १५ वर्षं लिहिलं असतं तर मी माझा शाळेतला फोटो नेऊन दाखवला असता, त्यात ते माझ्यापेक्षा उंच आहे.

झाड न तोडता मारायची रीत जास्त रुळलेली आहे: बुंध्यापर्यंत काँक्रीट. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढं अंतर तुमच्या नकाशात प्रत्येक झाडाभोवती आखा.

आणि हरकत लिहिताना 'झाड वाचवा' एवढ्यावर थांबू नका, मूळ काम गरजेचं आहे का ते विचारा. मुंबईत मलबार हिलला हँगिंग गार्डनखालचा ब्रिटिशकालीन जलाशय पाडून नवा बांधायचं ठरलं होतं, त्यात ३८९ झाडांवर गदा येत होती. २०२३ मध्ये रहिवाशांनी हाच प्रश्न लावून धरला: जलाशय पाडायलाच हवा का? आयआयटीचे प्राध्यापक असलेली समिती बसली आणि गाडी पुनर्बांधणीवरून दुरुस्तीवर आली.

पत्र

एक पान. पहिल्या ओळीत बागेचं नाव आणि कामाचा क्रमांक. मग बाबनिहाय, त्यांच्याच भाषेत. आमच्या पत्रातल्या ओळी अशा होत्या: 'बाब क्र. १४, तलावाच्या काठाची दुरुस्ती: उद्यानात तलाव नसल्याने वगळावी व ती रक्कम स्वच्छतागृहासाठी वळवावी.' 'बाब क्र. ३, पायवाट रुंदी २.५ मी. ऐवजी १.५ मी. ठेवावी, वाचलेल्या रकमेतून दोन नळ व फाटकाचा उतार करावा.' 'हायमास्टऐवजी कमी उंचीचे खांब. हायमास्टचा प्रकाश समोरच्या घरांच्या शयनगृहांत जातो.' प्रत्येक नव्या मागणीला पैसा त्याच अंदाजपत्रकातून दाखवा. नवा निधी मागितला की पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. सोबत वहीचा गोषवारा अर्ध्या पानात, आणि आता सह्या. आम्हाला ३४० मिळाल्या. त्यात वॉकरवाल्या काकूंची पहिली, अण्णांची दुसरी. दुपारच्या बायांपैकी अकरा जणींनी केल्या, तिघींनी अंगठा दिला.

आवक-जावक टेबलावर पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघून. कनिष्ठ अभियंत्याला बागेत बोलवा आणि फक्कीच्या रेघा दाखवा. आमचे साहेब तरुण होते, त्यांनाही बुचाच्या झाडापाशी पाणी कुठे जातं ते माहीत नव्हतं. त्यांनी फोटो काढले. ओरडलो असतो तर ते आलेच नसते.

काम सुरू झाल्यावर

रोज सकाळी चालणाऱ्यांपैकी एकाने त्याच जागेवरून एक फोटो काढायचा, बस. मुळं तोडताना दिसली तर लगेच थांबवायला सांगा. काम संपलं की दोषदायित्वाची मुदत, म्हणजे बिघडलेलं ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ, किती ते विचारून घ्या आणि ती तारीख फ्रिजवर चिकटवा. व्यायामाच्या यंत्रांचे बोल्ट मुदत संपल्याच्या पुढच्या आठवड्यात निघतात असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे काय झालं? तलाव गेला. वाट दीड मीटर झाली, झाडाशी वळली. नळ दोन आले, एकाला पाणी येतं. चौथरा बुचापासून बाजूला सरकला. कारंजं मात्र झालंच, चार चिंचोक्यांचं. ते सुरू असलेलं मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा पाहुणे येणार होते. स्वच्छतागृह पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आहे म्हणतात. मुलींसाठी आम्ही कडेला तोंड करून तीन बाकं मागितली होती, ती आली, आणि परवा नात तिथे मैत्रिणीला घेऊन बसली होती.

फाटकाचं राहिलं. नव्या फाटकाबरोबर नवी पाटीही आली: 'दुपारी १ ते ४ बंद.' हे कुठल्या अंदाजपत्रकात नव्हतं, कुठल्या सभेत नव्हतं, कुणाचं पत्रही नव्हतं. बाया आता बाहेर फूटपाथच्या कडेला डबा उघडतात. माळीमामा म्हणाले, वरून सांगितलंय. कुणी सांगितलं ते त्यांनाही माहीत नाही. सोमवारी तीन वाजता अण्णा आणि मी फाइल बघायला जातोय. बरोबर दुपारच्या दोघी येणार आहेत, एका घरचं काम त्यांनी अर्धा तास पुढे ढकललंय.